त्याला सन्मान, तिला अनुग्रह

(शेतकरी बायका आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला आज बोलायला सांगितलं आहे ते कोरोनाच्या काळात सरकारने शेतीला दिलेल्या मदतीबद्दल. टाळेबंदीला पाच वर्षं उलटून गेली, आता तो जुना हिशेब कशाला काढायचा, असं काहीजणींना वाटेल. मला तो काढावासा वाटतो, त्याला कारण आहे. संकट कोसळतं तेव्हा सरकारला मदत घाईने वाटावी लागते. नव्या याद्या करायला वेळ नसतो. मग जी यादी हाताशी असेल तीच वापरली जाते. कोण कोणत्या यादीत आहे आणि कोण कुठल्याच यादीत नाही, हे अशा वेळी उघडं पडतं. उद्या दुष्काळ पडला, अतिवृष्टी झाली, पुन्हा साथ आली, तरी याद्या त्याच राहणार आहेत. म्हणून त्या आज नीट वाचून घ्यायला हव्यात.

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्री टाळेबंदी सुरू झाली. २६ मार्चला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 'प्रधानमंत्री गरीब कल्याण' या नावाने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली, शेतकऱ्यांना 'पीएम किसान सन्मान निधी'चा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देणार. दुसरी, ज्या बायकांचं जनधन खातं आहे त्यांना एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये देणार.

आधी पहिली यादी पाहू. किसान सन्मान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांनी २,०००चे तीन हप्ते. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. त्याच वर्षी जूनपासून सगळ्याच जमीनधारकांना लागू झाली. एप्रिल २०२०चा हप्ता म्हणजे नवा पैसा नव्हता. त्या वर्षात मिळायचाच होता, तो आधी दिला. सरकारी आकड्यांप्रमाणे ८ कोटी ९४ लाख शेतकऱ्यांच्या खात्यांवर मिळून १७,८९१ कोटी रुपये जमा झाले.

हे शेतकरी कोण? योजनेच्या नियमात शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर महसुली दप्तरात शेतजमीन आहे तो. आपल्याकडे याचा अर्थ सातबारा. शेतात कोण राबतं, बियाणं कोण निवडतं, खुरपणी, वेचणी, मळणी कोण करतं, हा प्रश्न त्या अर्जात कुठेच येत नाही.

आता दुसरी यादी. २० कोटींहून अधिक बायकांच्या जनधन खात्यांवर तीन महिन्यांत मिळून सुमारे ३१ हजार कोटी रुपये गेले. आपण प्रामाणिकपणे बोलायला हवं. ही रक्कम शेतकऱ्यांच्या त्या हप्त्यापेक्षा मोठी आहे. बायकांना काहीच मिळालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. त्या वेळी त्या पाचशे रुपयांत तेल, साखर, चहा, साबण आला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण जरा गणित करू या. चार महिन्यांना २,००० म्हणजे महिन्याला किती? पाचशे. जनधनचेही महिन्याला पाचशेच. म्हणजे दोन्ही याद्यांतली रक्कम दरमहा सारखीच पडते. मग फरक कशात आहे? पहिला फरक नावात. पहिल्या यादीतल्या पैशाला म्हणायचं 'सन्मान निधी'. दुसऱ्या यादीतल्या पैशाला म्हणायचं 'सानुग्रह' रक्कम, म्हणजे मेहेरबानीची. दुसरा फरक मुदतीचा आहे. जून २०२० संपला आणि बाईचे पाचशे बंद झाले. शेतकऱ्याचा हप्ता पुढेही दर चार महिन्यांनी येत राहिला. साथ गेली तरी येत राहिला, कारण तो त्याच्या शेतकरी असण्यावर मिळत होता. तिला मिळाले ते तिच्या गरिबीवर, आणि तेही संकटापुरते.

म्हणजे दिवसभर त्याच एका रानात राबणारी दोन माणसं सरकारच्या दप्तरात गेली तेव्हा एक शेतकरी झाला आणि दुसरी गरीब बाई झाली.

हे काही थोड्या बायकांचं नाही. सरकारच्याच २०१९-२० च्या श्रमबल पाहणीनुसार ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तिघी शेतीत आहेत. पुरुष कारखान्यात, बांधकामावर, शहरात जातात; शेती मागे बायकांच्या अंगावर राहते. आणि २०१५-१६ची कृषिगणना सांगते की देशातल्या वहितीधारकांमध्ये बायका आहेत सुमारे चौदा टक्के. सातबारा म्हणजे खरं तर दोन नमुने: सात नंबरचा नमुना मालकीचा, बारा नंबरचा पिकाचा. तुमच्या बहुतेकींच्या घरचा उतारा काढून बघा. सातमध्ये सासरा, नवरा, दीर. बारामध्ये सोयाबीन, तूर, कापूस, कांदा. पीक नोंदलेलं आहे, ते पिकवणारी नोंदलेली नाही.

जनधनची यादीही काही गरीब बायकांची पूर्ण यादी नव्हती. खातं जनधनचं असायला हवं होतं. बचत गटासाठी आधीच बँकेत साधं खातं काढलेल्या कितीतरी बायका त्यातून सुटल्या. ३ एप्रिलपासून खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले होते: शून्य-एक पहिल्या दिवशी, दोन-तीन दुसऱ्या दिवशी. आमच्या भागात बायका एसटी बंद म्हणून सात-आठ किलोमीटर चालत बँकेत आल्या, उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि खिडकीवर त्यांना कळलं, "मावशी, तुमचं खातं जनधन नाही." त्यातली एक मला म्हणाली, "ताई, मग मी गरीब पण नाही का?" शेतकरी नाही हे तिने केव्हाच मान्य केलं होतं.

मदतीचे आणखी काही प्रकार होते. पैसे कोणत्या वाटेने गेले ते बघण्यासारखं आहे. एप्रिल २०२० मध्ये शहरातली हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद पडली आणि दूध अंगावर पडायला लागलं. तेव्हा महाराष्ट्र सरकारने रोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपये दराने घेऊन भुकटी करायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पण गोठ्यात शेणघाण कोण काढतं, धार कोण काढतं, आणि डेअरीचा सभासद कोण असतो? बिल सभासदाच्या खात्यावर गेलं. मे २०२० मध्ये केंद्राने किसान क्रेडिट कार्डांची मोठी मोहीम जाहीर केली, स्वस्त कर्ज देऊ म्हणाले. पीककर्ज मागायला गेलं की बँक पहिल्यांदा सातबारा मागते. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनाही पीककर्जाचीच होती, म्हणजे पुन्हा ज्याच्या नावाने कर्ज त्याची मुक्ती.

मग बाईच्या नावाने काय होतं? बाईच्या नावाने मायक्रोफायनान्सचं कर्ज होतं! बियाणं-खतासाठी, औषधपाण्यासाठी, पोरीच्या लग्नासाठी गटातून उचललेलं. त्याला सातबारा लागत नाही, गटातल्या बाकीच्या बायकांची हमी लागते. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२०ला हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. शेतीतली मदत पुरुषाच्या नावाकडे गेली आणि शेतीतलं महाग कर्ज बाईच्या नावावर राहिलं. त्यात आठवडी बाजार बंद. भाजीची पाटी, अंडी, कोंबडी विकून जो स्वतःच्या हातात राहणारा पैसा होता, तो बाजारच उठला. शेतीकामाला सूट मिळाली होती, पण बाईच्या शेतमालाची बाजारपेठ म्हणजे तो आठवडी बाजार, त्याची आठवण कुठल्या पॅकेजला झाली नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "पैसा घरातच आला ना? नवऱ्याच्या खात्यात आला काय नि बायकोच्या काय, खाणार तर सगळेच." नवरा-बायको एका घरात गुण्यागोविंदाने राहतात, पैसा दोघं मिळून वापरतात, असं गृहीत धरलं तरच हे खरं. तशी घरं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण आपण ज्या बायकांबरोबर काम करतो त्यांच्याकडे बघा.

आमच्या तालुक्यातल्या एका परित्यक्ता बाईचं सांगते. नवऱ्याने टाकून बारा वर्षं झालेली. माहेरी राहते, भावाचं दीड एकर तीच कसते. भाऊ शहरात रिक्षा चालवतो. किसान सन्मानच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि मदत कुटुंबाला एकच. घटस्फोट झालेला नाही, त्यामुळे कागदावर ती अजून नवऱ्याच्या कुटुंबात. तिच्या नवऱ्याला सासरच्या जमिनीवर हप्ता मिळाला. ती कसते त्या जमिनीचा हप्ता भावाला मिळाला. या दोन्ही हप्त्यांतला एकही रुपया तिला मिळाला नाही. ती म्हणाली, "मला दोन घरं आहेत असं सरकार म्हणतंय, आणि मी एका घराच्या पडवीत झोपते."

दुसरी आहेत विधवा. शेतकरी आत्महत्यांच्या घरातल्या बायकांची पाहणी महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत ५०५ बायकांशी बोलून केली. २०१२ ते २०१८ या काळात नवरा गेलेल्या या बायकांपैकी ४० टक्के जणींना कसत्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. त्यानंतर बायकांच्या रेट्यामुळे जून २०१९ मध्ये शासनाने त्यांच्यासाठी निर्णय काढला. पुढे कोरोना आला, विशेषतः २०२१ची दुसरी लाट, आणि गावोगावी तरण्या बायका विधवा झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसाला ५० हजार रुपये मिळाले. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' काढून या बायकांपर्यंत योजना न्यायचं ठरवलं. एकल महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्यामागे मोठा पाठपुरावा होता. पण शेताचं काय? अनेक घरांत जमीन अजून सासऱ्याच्या नावावर. नवरा कधी शेतकरी म्हणून नोंदलाच गेला नव्हता, मग त्याची विधवा कशी नोंदली जाणार? "तू अजून तरणी आहेस, उद्या दुसरं लग्न केलंस तर जमीन बाहेर जाईल," हे सासरचं उत्तर आपण किती वेळा ऐकलं आहे.

तिसऱ्या आहेत त्या, ज्यांच्या घरात पुरुषाच्याही नावावर जमीन नाही. गायरान कसणाऱ्या दलित बायका, खंडाने-बटाईने जमीन घेणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर नाव लावा, एवढंच आपण म्हणत राहिलो तर या बायका आपल्याही यादीतून सुटतील. हे आपल्या चळवळीने विसरता कामा नये. आदिवासी भागात वनहक्क कायद्याने, २००६च्या, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं स्पष्ट म्हटलं आहे. तिथे निदान कायदा आपल्या बाजूने आहे.

यादीत चुकून कोण येतं हेही बघा. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांनी या योजनेचे जवळजवळ ३ हजार कोटी रुपये घेतले. त्यांत आयकर भरणारेही होते. ते परत वसूल करायचं ठरलं. म्हणजे आयकर भरणारा, शेतात पाय न ठेवणारा माणूस यादीत सहज जातो, कारण त्याच्याकडे उतारा आहे. रोज शेतात जाणारी बाई जात नाही.

चित्र अगदीच बदललं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५च्या हप्त्याच्या वेळी ९ कोटी ८० लाख लाभार्थींमध्ये २ कोटी ४१ लाख बायका होत्या. म्हणजे चौथा हिस्सा. त्यातल्या अनेकींच्या नावावर जमीन कशी आली हा वेगळा शोधाचा विषय आहे, पण नाव लागलं की हप्ता मिळतो, हे यातून दिसतं. त्याच वेळी महाराष्ट्रात काय झालं पाहा. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली, महिन्याला दीड हजार. ज्या बाईला शेतकरी म्हणून केंद्राचे आणि राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे मिळून महिन्याला हजार पडतात, तिला लाडकी बहीण म्हणून पाचशेच. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने अशा ७ लाख ७४ हजार बायका असल्याचं सांगितलं. शेतकरी नवऱ्याला बहिणीची वजाबाकी नाही. बाई मात्र शेतकरी झाली की तिच्या बहीणपणातून शेतकरीपण वजा होतं. आणि पुन्हा आकडा आला तो पाचशेचाच.

आता करायचं काय, ते बोलू.

कसणारी ती शेतकरी, ही मागणी काही आपण आज शोधलेली नाही. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, हजारो पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारने त्यावर परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ते परिपत्रक किती तलाठ्यांना माहीत आहे, विचारून बघा. २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या रुंद केली. त्यात खंडकरी, बटाईदार, शेतमजूर सगळे आले. ज्यांच्या आयोगाच्या कामातून ते धोरण आलं त्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं विधेयक मांडलं. ग्रामपंचायतीने कसणाऱ्या बाईला शेतकरी असल्याचा दाखला द्यावा, जमीन नावावर असो वा नसो, असं त्यात होतं. ते विधेयक बारगळलं. पण कल्पना सोपी आहे आणि ती अमलात येण्यासारखी आहे. ओडिशात २०१८च्या अखेरीस आलेल्या 'कालिया' योजनेत बटाईदारांनाही मदत होती आणि भूमिहीन शेतकरी कुटुंबांना शेळ्या-कोंबड्यांसाठी १२,५०० रुपये होते. म्हणजे सातबाऱ्याशिवाय शेतकरी मोजता येतच नाही, हे खरं नाही.

आपण आपापल्या गावात चार कामं घेऊ शकतो.

एक, वारसनोंदी. गावातल्या गेल्या दहा वर्षांत विधवा झालेल्या बायकांची यादी करा. नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव अजून उताऱ्यावर आहे का, बघा. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती मृतांची नावं काढून वारसांची लावण्यासाठीच. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बाईला एकटीला पाठवू नका. चारजणी जा. अर्ज द्या आणि पोच घ्या. "भाऊसाहेब बघतो म्हणाले" ही पोच नव्हे. किसान सन्मानच्या नियमात १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेतलेल्यांना मदत नव्हती, पण वारसाहक्काने आलेल्या जमिनीला सूट होती. विधवेला हे सांगायला हवं.

दोन, हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन कोरोनात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असण्याची गरज नाही. तरी राखीपौर्णिमेला साडी घेऊन बहिणी सही करून येतात. सही करण्याआधी एकदा आपल्या मंडळात येऊन बोला, एवढं तरी प्रत्येकीला सांगा.

तीन, सहहिस्सेदार म्हणून नाव. ज्या घरात नवरा समजूतदार आहे तिथून सुरुवात करा. दहा अर्ज एकदम घेऊन तहसीलदाराकडे जा. १९९२च्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा.

चार, गावाची स्वतःची यादी. मालकीण असो, बटाईदार असो, मजूर असो, गायरान कसणारी असो, गावात शेतीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, काम आणि पीक लिहून काढा. ग्रामसभेत ती वाचा, ठराव घ्या की या सगळ्या शेतकरी आहेत. या ठरावाने उद्या कुणाच्या खात्यावर पैसे येणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी मदत जाहीर होईल आणि "बायका शेतकरी असतील हो, पण यादी कुठे आहे?" असं साहेब विचारतील, तेव्हा यादी आपल्या हातात असेल.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण तालुकावार गटांत बसणार आहोत. कोऱ्या याद्यांचे कागद तिथे ठेवले आहेत. पहिलं नाव प्रत्येकीने आपलं स्वतःचं लिहावं, आणि 'व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम' न लिहिता 'शेती' लिहावं, एवढी विनंती करून मी थांबते.